छत्री मिटायची जागा

आमचे अण्णा फोर्टातल्या एका छापखान्यात खिळे जुळवायचे. घर गिरगावात, ठाकूरद्वारच्या नाक्यापासून आत, चाळीत दोन खोल्यांचे. सकाळी ते चालत जायचे आणि संध्याकाळी चालत यायचे. सुरुवात बसचे पैसे वाचवण्यापासून झाली असणार, पण पुढे पगार बरा झाला तरी चालणे सुटले नाही. ठाकूरद्वार, धोबीतलाव, मेट्रो सिनेमा, महापालिका मार्गाने झेवियर कॉलेज आणि कामा हॉस्पिटलवरून बोरीबंदर आणि तिथून दादाभाई नवरोजी रस्त्याने फोर्टात. पावसाळ्यात घरी आल्यावर छत्री मोरीत उघडी ठेवत ते आईला हमखास सांगायचे, "बोरीबंदरला मिटली ती फाउंटनपर्यंत उघडली नाही. मधल्या गल्ल्या ओलांडताना काय थेंब पडले असतील तेवढेच."

दादाभाई नवरोजी रस्त्यावरच्या इमारतींखालून कमानींचा जो मार्ग जातो, त्याला अण्णा 'ओवरी' म्हणायचे. देवळाच्या आवारात भिंतीला लागून ओवऱ्या असतात, तशी. छापखान्यातले लोक त्याला काय म्हणत ते ठाऊक नाही; आमच्या घरात तो शब्द पक्का झाला.

काही वर्षांपूर्वी अण्णा आमच्याच गल्लीच्या तोंडाशी पडले. फुटपाथवरचे सिमेंटचे ठोकळे खचले होते, शेजारच्या गटाराचे झाकण बोटभर वर आले होते. हाड मोडले नाही. पण त्यानंतर ते एकटे खाली उतरायला तयार होईनात. ज्या माणसाने आयुष्यभर पायाने मुंबई मोजली, तो गॅलरीत खुर्ची टाकून बसू लागला. असेच एकदा बसले असताना त्यांनी मला विचारले, "ती फोर्टातली ओवरी कोणी बांधली रे? तू एवढं मुंबईवर लिहितोस."

मला सांगता आले नाही. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, नोकरी हिशेबखात्यातली. इतिहास शिकलो तो ग्रंथालयांच्या बाकांवर, सुट्टीच्या दिवशी, कोणी शिकवणारे नसताना. त्यामुळे काय वाचायचे राहून गेले आहे हे माझ्यासारख्याला नेहमी उशिरा कळते. अण्णांच्या प्रश्नावर मी आधी ठोकून दिले, "सर बार्टल फ्रिअरने." ते चूक होते. बरोबर उत्तर शोधता शोधता मला मुंबईतल्या चालणाऱ्या माणसाचाच इतिहास थोडाफार हाती लागला. तो इथे मांडतो आहे.

*

मुंबईच्या नावांमध्ये चालणारा माणूस अजून शिल्लक आहे. पायधुणी हे नाव त्याचेच. बेटांच्या मधल्या सखल भागात भरतीचे पाणी शिरायचे. ते ओलांडून आलेला माणूस शहरात शिरण्यापूर्वी जिथे पाय धुवायचा, ती पायधुणी. पुढे बांध पडले, खाड्या बुजल्या, ओहोळ गेला आणि नाव राहिले. आज तिथे पाय धुणे सोडा, पाय ठेवायला जागा मिळाली तरी पुष्कळ.

त्या काळात चालणाऱ्यासाठी केलेल्या कामांपैकी सर्वांत मोठे काम एका बाईच्या पैशाने झाले. माहीम आणि वांद्र्याच्या मधली खाडी होडीने ओलांडावी लागे आणि पावसाळ्यात माणसे बुडत. सर जमशेटजी जीजीभाईंच्या पत्नी आवाबाई यांनी १,५७,००० रुपये दिले आणि १८४५ साली माहीमचा कॉजवे खुला झाला. देणगीला अट होती, की या रस्त्यावर टोल घ्यायचा नाही. त्याच खाडीच्या तोंडाशी २००९ साली सागरी सेतू झाला. त्यावर टोल आहे, आणि पायी जायला मनाई आहे. दोन्ही गोष्टींना कारणे आहेत, हे मला कळते. तरी माहीमच्या किनाऱ्यावर उभे राहिले की डावी-उजवीकडचे हे दोन पूल एकदम दिसतात, आणि आवाबाईंची अट आठवतेच.

किल्ल्याच्या आतली वस्ती भलतीच दाट होती. १८०३ च्या फेब्रुवारीत फोर्टाच्या उत्तर भागात मोठी आग लागली. त्यानंतर बऱ्याच देशी व्यापाऱ्यांनी मैदानापलीकडे मांडवी-भुलेश्वरच्या बाजूला घरे केली आणि धंदा फोर्टात नि घर बाहेर अशी रीत पडली. म्हणजे मुंबईकराचे रोजचे कामाला जाणे-येणे लोकलगाडीच्या फार आधी सुरू झाले, आणि ते पायांनी सुरू झाले. ज्यांची ऐपत होती ते पालखीतून किंवा घोडागाडीतून. बाकीचे चर्चगेट किंवा बाजारगेटमधून चालत. रात्री दरवाजे बंद होत. गोविंद नारायण माडगावकरांचे 'मुंबईचे वर्णन' १८६३ सालचे. ते मी वाचले ते याच नजरेने, की हा माणूस शहर कुठून पाहतो आहे? माझे मत असे झाले, की तो ते पायी फिरून पाहतो आहे. शहराचे असे वर्णन गाडीत बसून होत नाही.

१८७४ च्या मे महिन्यात घोड्यांची ट्राम सुरू झाली. कुलाबा ते पायधुणी हे तिकीट पहिल्यांदा तीन आणे होते. हमालाला किंवा गिरणीतल्या माणसाला रोज जाऊन-येऊन सहा आणे परवडणे शक्यच नव्हते. भाडे पुढे उतरले, १९०७ मध्ये विजेची ट्राम आली, तरी कामकरी मुंबई चालतच राहिली. गिरणगाव वसले ते या चालण्याच्या हिशेबाने. राजनारायण चंदावरकर यांनी गिरणी कामगारांवर जे मोठे काम केले, त्यात हे नीट दिसते, की बहुसंख्य कामगार गिरणीपासून थोडक्या मिनिटांच्या चालीवर राहत. भोंगा ऐकू येईल आणि भोंगा संपायच्या आत पोहोचता येईल, एवढ्या अंतरावर चाळी उठल्या. परळ-लालबागची दाटी ही नुसती जागेच्या टंचाईने झालेली नाही. गाडीभाडे नसलेल्या माणसाने शहर आपल्या पायांच्या आवाक्यात ओढून घेतले, असे तिचे दुसरे कारण आहे. ही दाटी बहुतेक नगररचनाकारांना रोग वाटली. मला त्यात थोडे शहाणपणही दिसते.

*

आता ओवरीकडे वळतो.

फ्रिअर १८६२ ते १८६७ मुंबईचा गव्हर्नर होता. त्याच्या कारकिर्दीत किल्ल्याचे तट पाडले गेले, खंदक बुजले आणि फोर्टाभोवती मोकळी जमीन निघाली. फ्लोरा फाउंटन १८६४ चे, जुन्या चर्चगेटच्या जागी उभारलेले. त्याच सुमारास टाउन हॉलसमोर एल्फिन्स्टन सर्कलचे काम सुरू झाले. आजचे हॉर्निमन सर्कल. तिथल्या अर्धवर्तुळाकार इमारतींच्या तळाशी पहिल्यापासून सलग छत घातलेला चालमार्ग आहे. ते पाहूनच मी फ्रिअरचे नाव घेतले होते. पण हॉर्नबी रोडची गोष्ट वेगळी निघाली.

अठराव्या शतकातला गव्हर्नर विल्यम हॉर्नबी याच्या नावाचा हा रस्ता तट पडल्यावर रुंद झाला. पश्चिम बाजूला १८८५ नंतर एकेक भव्य इमारत उठू लागली, आणि हे बांधकाम १९१९ पर्यंत चालू राहिले. मालक निरनिराळे, वास्तुरचनाकार निरनिराळे. एकाला गॉथिक हवे, दुसऱ्याला युरोपातल्या जुन्या अभिजात शैलीचे खांब, तिसऱ्याला घुमट आणि जाळ्या. असे असताना सगळ्यांच्या तळमजल्यावर कमानींचा चालमार्ग कसा? कारण १८९६ च्या सरकारी नियमाने तो बंधनकारक केला होता. इमारत कोणत्याही शैलीत बांधा, वर काय वाटेल ते करा, पण रस्त्याच्या कडेला तळाशी चालणाऱ्याला छताखालून जायला वाट द्या, आणि ती शेजारच्या इमारतीच्या वाटेला जोडली गेली पाहिजे. म्हणजे अण्णांच्या प्रश्नाचे उत्तर एका माणसाच्या नावाने देताच येत नाही. ओवरी कोणा एकाने बांधली नाही. नियम सरकारचा; बांधली प्रत्येकाने, आपापल्या पैशाने, आपापल्या तुकड्यापुरती. आणि तुकडे जुळले. खिळे जुळवणाऱ्या माणसाला हे उत्तर आवडेल असे मला वाटले, आणि आवडले.

या नियमातली खुबी उभे राहून पाहिल्याशिवाय कळत नाही. जे. एन. पेटिट इन्स्टिट्यूटची १८९८ ची इमारत घ्या, किंवा एके काळचे व्हाइटअवे लेडलॉचे दुकान, म्हणजे आताचे खादी भांडार. वरचे मजले ओवरीच्या डोक्यावरून पुढे येऊन थेट रस्त्याच्या कडेशी थांबतात. मालकाने सोडली ती फक्त तळाची पट्टी. तिच्या वरची सगळी जागा त्याच्याच वापरात राहिली. शिवाय सावलीत रेंगाळणारे गिऱ्हाईक दुकानाच्या दर्शनी काचेशी आपोआप आले. ऊन आणि पाऊस या मुंबईच्या दोन संकटांपासून चालणाऱ्याची सुटका झाली, आणि त्यासाठी सरकारी तिजोरीतून छतासाठी पैसा काढावा लागला नाही. चालण्याची जागा ही रस्त्याची उरलीसुरली कड आहे, असे या नियमाने धरलेच नाही. ती इमारतीचा भाग आहे, तिच्यावाचून इमारत पुरी होत नाही, असे धरले.

पुढे मोहम्मद अली रोडवरही अशा ओवऱ्या झाल्या. कुलाबा कॉजवेवर काही ठिकाणी आहेत. पण त्याच १८९६ साली मुंबईत दुसरी एक गोष्ट घडली आणि शहराची गाडी वेगळ्या रुळावर गेली. सप्टेंबरात मांडवीत प्लेग निघाला.

प्लेगनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. दाट वस्तीत हवा खेळत नाही म्हणून रोगराई, अशी त्या वेळची समजूत होती. मग वस्ती चिरून पूर्व-पश्चिम रस्ते काढायचे ठरले, म्हणजे समुद्राचा वारा आत जाईल. प्रिन्सेस स्ट्रीट, म्हणजे आजचा शामळदास गांधी मार्ग, आणि सँडहर्स्ट रोड, म्हणजे सरदार वल्लभभाई पटेल मार्ग, हे असे वाऱ्यासाठी काढलेले रस्ते आहेत. गिरगावात वाढलेल्या मला हे पन्नाशीत कळले. ज्या सँडहर्स्ट रोडच्या कडेने शाळेत जाताना अंग चोरून चालायचो, तो रस्ता मुळात माणसासाठी नव्हताच, वाऱ्यासाठी होता. नंतर त्यात मोटारी शिरल्या.

ट्रस्टवर सरसकट टीका करणे मात्र अन्यायाचे होईल. दादर-माटुंग्याची वसाहत त्यांनीच आखली आणि तिथले झाडांखालचे रुंद फुटपाथ आजही मुंबईत सर्वांत बरे आहेत. हिंदू कॉलनीतून संध्याकाळी म्हातारी माणसे जोडीने चालताना दिसतात, ते त्या आखणीचे पुण्य. पण ती मोकळ्या जमिनीवरची वसाहत होती. जुन्या दाट वस्तीत ट्रस्टने पाडापाडी केली. किती लोकांना पर्यायी घर मिळाले, हा वेगळा आणि दुःखाचा विषय आहे. दाटी तशीच ठेवून माणसाला नीट चालता येईल असे काही करावे, हा हॉर्नबी रोडचा विचार तिथे फारसा पोहोचला नाही.

*

स्वातंत्र्यानंतरच्या इतिहासात फार अडकत नाही, कारण तो बराचसा एकाच क्रियेचा इतिहास आहे: रस्ता रुंद करणे. १८८८ च्या महापालिका कायद्यात रस्त्याची नियमित रेषा ठरवण्याची तरतूद आहे. इमारत नव्याने बांधली की ती या रेषेच्या मागे सरकते आणि सुटलेली पट्टी रस्त्यात जमा होते. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने अशा जागेच्या बदल्यात हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे ज्याला सगळे टीडीआर म्हणतात, ते देऊ केले. मालकाचे नुकसान होऊ नये, हे ठीकच. पण १८९६ च्या नियमात सुटलेली जागा चालणाऱ्याच्या नावे होती. नियमित रेषेमागची जागा 'रस्त्याच्या' नावे होते, आणि रस्ता म्हटले की त्यातला मोठा घास गाड्यांचा. ट्रामगाड्या ३१ मार्च १९६४ ला थांबल्या. त्यांचे रूळ निघाल्यावर मोकळी झालेली जागाही मोटारींनीच वापरली. १९९० च्या दशकात पन्नासावर उड्डाणपुलांची योजना आली. जे. जे.चा उड्डाणपूल २००२ मध्ये मोहम्मद अली रोडवरून गेला, तो नेमका जुन्या ओवऱ्यांच्या समोरून. आता तिथे दुपारी ओवरीत उभे राहिले तर उजेड कमी येतो आणि आवाज दुप्पट.

खाली गाड्यांची सोय झाल्यावर चालणाऱ्याला वर उचलण्याचा विचार निघाला. २००८ साली वांद्रे स्थानक ते कलानगर असा पहिला स्कायवॉक झाला, मग ठिकठिकाणी आणखी. जिथे स्थानकाच्या फलाटावरून थेट वरच्या वर जाता येते, तिथे लोक ते वापरतात, मीही वापरतो. पण एक रस्ता ओलांडायला दोन मजले चढा नि दोन मजले उतरा, हे गुडघे धड असलेल्या अधिकाऱ्यालाच सुचू शकते. अण्णांना मी एकदा स्कायवॉकच्या पायऱ्यांपाशी नेले होते. त्यांनी वर पाहिले आणि म्हणाले, "हे माझ्यासाठी नाही, गाड्यांसाठी आहे. मी खाली नको म्हणून वर." वांद्र्याचा तो पहिला स्कायवॉक पुढे धोकादायक ठरला आणि पाडावा लागला.

वर उचललेल्या वाटेची रुंदी कमी पडली तर काय होते, ते २९ सप्टेंबर २०१७ ला सकाळी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर दिसले. पाऊस आला, माणसे पुलावर थांबली, मागून येणारी थांबली नाहीत. २३ माणसे चेंगरून मेली. गिरण्या जाऊन त्या जागी कार्यालयांचे मनोरे आले, रोज उतरणाऱ्यांची संख्या कुठल्या कुठे गेली, आणि पूल मात्र जुन्या काळचा अरुंद तसाच राहिला होता. त्या मनोऱ्यांच्या खाली गाड्या ठेवायला किती मजले द्यायचे याचा हिशेब नियमाप्रमाणे झाला असणार. तिथे चालत येणाऱ्यांचा हिशेब कोणत्या कागदावर होता?

२०१९ च्या मार्चमध्ये बोरीबंदरसमोरचा हिमालय पूल पडला. अण्णा जिथे छत्री मिटायचे, त्याच कोपऱ्यावर. त्या रात्री बातम्या पाहताना ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी त्या पुलावर कधी चढलो नाही. खालूनच जायचो." नवा पूल २०२३ मध्ये झाला.

*

फुटपाथचा विषय काढला की फेरीवाला येतोच, आणि बोलणे तिथेच अडकून राहते. म्हणून त्याबद्दल थोडे स्पष्ट लिहितो.

१९८१ च्या जुलैत, ऐन पावसाळ्यात, तेव्हाचे मुख्यमंत्री अंतुले यांनी फुटपाथवर राहणाऱ्यांना हटवून गावी पाठवण्याचे जाहीर केले. त्यातून ऑल्गा टेलिस खटला उभा राहिला. १० जुलै १९८५ ला सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने निकाल दिला. संविधानाच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, हे त्यात म्हटले म्हणून तो निकाल जगभर गाजला. पण त्याच निकालात हेही होते, की फुटपाथ सार्वजनिक वापरासाठी आहे आणि त्यावर कायमचे राहण्याचा हक्क कोणाला नाही. फेरीवाल्यांबाबत १९८९ च्या सोदन सिंग खटल्यात रस्त्यावर धंदा करण्याचा हक्क वाजवी बंधनांसह मान्य झाला. २०१४ मध्ये पथविक्रेत्यांचा कायदा आला.

आणि आता १४ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की चालायला योग्य, अडथळा नसलेला फुटपाथ मिळणे हा पादचाऱ्याचाही हक्क आहे, आणि तो अनुच्छेद २१ मध्येच येतो. म्हणजे फुटपाथवर झोपणारा, तिथे विकणारा आणि त्यावरून चालणारा हे तिघेही आपले म्हणणे घेऊन न्यायालयात गेले. पहिला आणि तिसरा तर एकाच अनुच्छेदाच्या दाराशी. तिघे भांडत आहेत ती पट्टी किती रुंद आहे, हे मात्र कोणी फारसे विचारत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे निवासी भागातही किमान १.८ मीटर रुंदीची वाट मोकळी हवी, म्हणजे दोन चाकांच्या खुर्च्या एकमेकींशेजारून जाऊ शकतील. कठड्याची उंची १५० मिलिमीटरहून जास्त नको. हे वाचल्यावर मी रोजच्या वाटेने चालताना काय काय आडवे येते ते पाहू लागलो. विजेची पेटी. टेलिफोनची पेटी, जिचा आता उपयोग नाही. जाहिरातीचा खांब. झाडाच्या बुंध्याभोवती ओतलेले सिमेंट. दुकानदाराने आपल्या दारापुरता केलेला चढ. फुटपाथवर चढवलेल्या स्कूटरी. आणि शेजारी, रस्त्यावर, फुकट उभी केलेली मोटारींची ओळ, जिच्यात फुटपाथहून जास्त रुंदी गेलेली. या सगळ्यांत उठवता येणारा एकच, फेरीवाला. म्हणून उठवले जाते त्यालाच.

दादाभाई नवरोजी रस्त्याच्या ओवरीत फेरीवाले नेहमीच होते. घड्याळे, पट्टे, पेने, जुनी पुस्तके. अण्णांनी माझ्यासाठी पहिले शाईचे पेन तिथूनच आणले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस वास्तुसंवर्धनतज्ज्ञ आभा नारायण लांबा यांनी या रस्त्याचा अभ्यास करून कमानी झाकणाऱ्या पाट्या मर्यादेत आणण्याचा, दिवे आणि बाकांचा आराखडा केला, आणि तिथल्या दुकानदार-कार्यालयांनी तो मनावर घेतला. ओवरी पुन्हा दिसू लागली. जुनी गोष्ट जपण्याचे ते चांगले काम झाले. माझी खंत वेगळी आहे. ओवरी आपण वारसा म्हणून जपली, नियम म्हणून पुढे चालवली नाही. लालबाग-परळला, गिरगावात, दादरला एवढे पुनर्विकास झाले आणि होत आहेत. प्रत्येक मनोरा कुंपण घालून मागे सरकतो, खाली गाड्यांचे मजले, आणि रस्त्याच्या बाजूला कोरी भिंत. त्या भिंतीच्या जागी छताखालची एक वाट, शेजारच्या मनोऱ्याच्या वाटेला जोडलेली, एवढे मागितले असते तर बिल्डरचे काय गेले असते? वरचे मजले त्याचेच होते.

मुंबईत निम्म्याहून अधिक प्रवास पूर्णपणे पायी होतात, असे २००८ च्या वाहतूक अभ्यासात आले होते. रस्त्यावरच्या अपघातांत मरणाऱ्यांमध्ये पायी चालणारे गेली काही वर्षे निम्म्याच्या आसपास आहेत. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण मंजूर केले, आणि ११ डिसेंबर २०२१ ला लक्ष्मी रस्त्याचा एक टप्पा दिवसभर गाड्यांना बंद ठेवला. मी मुद्दाम गेलो होतो. मुले रस्त्याच्या मधोमध बसून रांगोळी काढत होती आणि मोठी माणसे सवयीने कडेकडेनेच चालत होती. गाडी नसतानाही रस्त्याच्या मध्यावर यायला त्यांना थोडा वेळ लागला.

*

गेल्या जुलैत एका शनिवारी धो धो पाऊस होता. मी बोरीबंदरला उतरलो, छत्री मिटली आणि दादाभाईंच्या पुतळ्यापर्यंत ओवरीतून चालत गेलो. किती वेळा छत्री उघडावी लागते ते मोजायचे ठरवले होते. गल्ल्या ओलांडण्यासाठी लागली ती वेगळी. पण एका ठिकाणी दुरुस्तीच्या परांच्या बांधून ओवरी बंद केली होती. एका ठिकाणी कोणा कार्यालयाने सुरक्षा म्हणून लोखंडी अडथळे आडवे टाकले होते. एका ठिकाणी दोन इमारतींच्या जोत्यांत दोन पायऱ्यांचा फरक आणि तिथेच मालाची खोकी. दर वेळी रस्त्यावर उतरावे लागले. एका हाताची बोटे संपली तेव्हा मी मोजणे सोडले. तरीही सांगतो, जिथे ओवरी सलग होती तिथे तो रस्ता मुंबईतला वाटतच नव्हता. बाहेर पाण्याचा पडदा, आत कोरडी फरशी. एक म्हातारे जोडपे सावकाश चालले होते आणि त्यांच्या मागे कोणी घाई करत नव्हते.

घरी येऊन अण्णांना सगळे सांगितले. १८९६ चा नियम त्यांना पूर्वीच सांगितला होता. या वेळी छत्रीचा हिशेब सांगितला. त्यांनी प्रत्येक ठिकाण विचारून घेतले: कोणत्या इमारतीपाशी, कोणत्या गल्लीनंतर. खोक्यांच्या जागेवर ते अडले.

"तिथे उतरलास कशाला? तिथे तो घड्याळवाला बसतो. त्याला म्हणायचं, जरा सरक. सरकतो तो."